संस्था उभारणारे बाबासाहेब आणि आपण

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर भीमसागर उसळतो. शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. कुठे मोफत आरोग्य तपासणी, कुठे रक्तदान, कुठे अन्नदान, कुठे गरीब विद्यार्थ्यांसाठी वह्या-पेन गोळा करणारी तरुण पोरे. प्रत्येक मंडपावर कुठल्या ना कुठल्या संस्थेचा फलक असतो. कोणी ट्रस्ट, कोणी प्रतिष्ठान, कोणी महासंघ, कोणी बहुउद्देशीय सेवाभावी मंडळ. समाजाने समाजासाठी चालवलेले हे काम पाहून ऊर भरून येतो. पण आम्ही पडलो वकील. फलकावर संस्थापकाचा फोटो कितीही मोठा असला तरी आमची नजर खालच्या कोपऱ्यातल्या नोंदणी क्रमांकाकडे जाते. आणि मनात प्रश्न येतो, यातल्या किती संस्थांचे हिशेब वेळेवर तपासले जातात? किती संस्थांच्या सर्वसाधारण सभा खरोखर होतात? संस्थापक गेल्यावर यातल्या किती संस्था शिल्लक राहतील?

हा प्रश्न कोणाला दुखवण्यासाठी नाही. ज्या महामानवाच्या नावाने या संस्था निघाल्या, त्यांनी आयुष्यभर काय केले याचा विसर पडू नये म्हणून तो विचारला पाहिजे. घटनेचे शिल्पकार, कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, बोधिसत्व अशी बाबासाहेबांची ओळख आपण मुलांना करून देतो. पण रीतसर नोंदणी करून, कार्यकारी मंडळ नेमून, संस्थांमागून संस्था उभारणारे बाबासाहेब आपण सांगतच नाही. आज त्यांचे चरित्र आम्ही त्याच अंगाने मांडणार आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. वडील सुभेदार रामजी. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या मुलाच्या सत्काराला सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे केळुस्करांनीच शब्द टाकला आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये सुरू केले. १९१३ साली त्याच महाराजांनी अमेरिकेच्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. सयाजीरावांचे उपकार आपला समाज विसरलेला नाही, विसरूही नये. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एका राजाच्या मनात आले म्हणून एक मुलगा शिकला. त्याच काळात त्याच बुद्धीची किती मुले गावकुसाबाहेर मेलेली ढोरे ओढत राहिली असतील, त्यांची गणती कोण करणार?

१९१७ साली करारानुसार बाबासाहेब बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला अख्ख्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून एका पारशी उतारशाळेत राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी हाकलले. महाराजांची शिष्यवृत्ती होती, पण महाराजांच्या राजधानीत डोके टेकायला छप्पर नव्हते. पुढे बाबासाहेबांनी पहिली संस्था काढली तेव्हा सर्वांत आधी वसतिगृह का उघडले, याचे उत्तर शोधताना आम्हाला बडोद्याची ती रात्र आठवते.

१९२० साली कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ निघाले. त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या बळावर बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. म्हणजे या माणसाच्या आयुष्यात दात्यांची उणीव नव्हती. एका पारशी मित्राने कर्ज दिले, पारशांच्याच उतारशाळेतून त्यांना हाकललेही गेले. व्यक्तीचा चांगुलपणा आणि समाजाची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी अंगावर सोसले होते.

त्या काळी देशात परोपकारी संस्थांची कमतरता नव्हती. १८६० साली सरकारने सोसायटी नोंदणीचा एकविसावा कायदा केला आणि कोणत्याही सात माणसांना एकत्र येऊन शिक्षण, धर्मादाय किंवा ज्ञानप्रसारासाठी नोंदणीकृत संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. तोच कायदा आजही आपल्या संस्थांच्या मुळाशी आहे. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने होते. १८९७ साली रामकृष्ण मिशन, १९०५ साली भारत सेवक समाज निघाला. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींच्या बोर्डिंगांची रांग उभी केली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. यातल्या कित्येकांचे काम मोलाचे होते. पण फुल्यांचा सत्यशोधक समाज वगळला तर बहुतेक ठिकाणी देणारे वरचे आणि घेणारे खालचे अशीच मांडणी होती. अस्पृश्याने हात पुढे करायचा. त्याने टेबलाच्या पलीकडे बसून ठराव लिहावा, ही कल्पनाच कोणाला सुचत नव्हती.

ती कल्पना बाबासाहेबांनी अमलात आणली. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परत आले. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची नोंदणी त्याच १८६० च्या कायद्याखाली झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत जी. के. नरिमन, रँग्लर परांजपे, बाळ गंगाधर खेर अशी वजनदार माणसे. मात्र व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार एन. टी. जाधव. वकिलाच्या नजरेने ही रचना पाहा. स्पृश्य हितचिंतकांना मानाचे पान दिले. त्यांचा सल्ला, त्यांची ओळख, त्यांचा पैसा नाकारला नाही. पण शिक्का, तिजोरी आणि इतिवृत्ताची वही समाजाच्या हातात ठेवली. आमच्या मते आपल्या संस्थात्मक इतिहासातली ही पहिली क्रांती आहे, आणि ती कुठल्याही मोर्च्याशिवाय, एका घटनापत्रकाच्या कागदावर झाली.

सभेचे काम किती नाना तऱ्हेचे होते! ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सभा पुरवीत होती. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालय उघडले. तरुण पोरे जुगार आणि दारूपासून दूर राहावीत म्हणून महार हॉकी क्लब काढला. होय, हॉकी क्लब! आज आपल्या वस्तीतल्या पोरांनी क्रिकेटचे सामने भरवले तर काही मंडळी नाक मुरडतात. बाबासाहेबांच्या पहिल्या संस्थेच्या कामात खेळाचे मैदान होते. आणि याच सभेच्या नावाने मे १९२८ मध्ये सायमन कमिशनला निवेदनही गेले. मुलांच्या ताटापासून राज्यघटनेच्या मागण्यांपर्यंत सगळे एका संस्थेत बसवले होते.

जून १९२८ मध्ये सभेच्या शैक्षणिक कामाची जागा डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीने घेतली आणि सरकारी अनुदानाच्या आधाराने वसतिगृहे वाढली. त्यातले एक दूर धारवाडला होते. तेथे बळवंतराव वराळे काम पाहत. माता रमाई काही दिवस तेथे मुक्कामाला असताना वसतिगृहातले धान्य संपले, मुले उपाशी आहेत हे कळताच त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या काढून वराळे यांच्या हवाली केल्या, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. सांगताना आपले डोळे भरून येतात. पण त्या प्रसंगाचा दुसरा अर्थही आपण घेतला पाहिजे. अनुदान उशिरा येणे, किराणा उधारीवर आणणे, महिनाअखेरीला मुलांच्या तोंडात घास कसा पडेल याची चिंता करणे हे संस्था चालवणाऱ्याचे रोजचे जगणे आहे. बाबासाहेबांच्या घराने ते जगलेले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांनी दान घेतले, संस्था काढल्या, वाचनालये चालवली. मग त्यांचा परोपकारी मंडळींशी झगडा कशासाठी होता? याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते.

पहिले ठिकाण महाड. अस्पृश्यांना पाणी मिळत नाही म्हणून त्यांच्यासाठी वेगळी विहीर खोदून द्यावी, असे म्हणणारे दयाळू लोक त्या काळी पुष्कळ होते. वेगळ्या विहिरीने तहान भागली असती. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावरच गेले, कारण ते तळे सार्वजनिक होते आणि त्यावर आपला हक्क होता. स्पृश्यांनी फिर्याद केली तेव्हा तो हक्क त्यांनी कोर्टात दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. विहीर दान म्हणून मिळाली असती तर ती देणाऱ्याच्या मर्जीवर राहिली असती. निकाल मिळाला तो कोणाच्या मर्जीवर नव्हता.

दुसरे ठिकाण पुणे कराराच्या नंतरचे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी करार झाला आणि ३० सप्टेंबरला मुंबईच्या सभेत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था काढण्याचे ठरले. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर बाप्पा. पैसा होता, देशभर शाखा होत्या. सुरुवातीला बाबासाहेबही तिच्या मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना एक लांबलचक पत्र लिहिले. आमच्या मते संस्था काढणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र एकदा तरी वाचावे. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देतो.

बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की दलितांच्या उद्धाराच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत माणसाचे वैयक्तिक सद्गुण वाढवायचे. त्यासाठी व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा काढायच्या. दुसऱ्या पद्धतीत माणूस ज्या परिस्थितीत अडकला आहे ती परिस्थितीच बदलायची. पहिलीतून काही मोजके लोक वर येतील, दुसरीतून सगळा वर्ग वर येईल. म्हणून संघाने आपली शक्ती गावच्या विहिरी, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहने यांवरचे नागरी हक्क मिळवून देण्यावर खर्च करावी. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नाहीत तेथे समान संधीसाठी लढावे. सवर्णांनी आपल्या घरात अस्पृश्यांना पाहुणा म्हणून किंवा नोकर म्हणून वावरू द्यावे. आणि हे काम करणारे कार्यकर्ते पगारी बाजारबुणगे नसावेत, ज्यांना या कामाची तळमळ आहे असे, विशेषतः अस्पृश्यांमधलेच असावेत.

गंमत पाहा. वाचनालय, वसतिगृह, हॉकी क्लब हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः केले होते. त्यांना त्याचे महत्त्व ठाऊक होते. पण हक्काच्या लढाईशिवाय केलेली सेवा अपुरी पडते, हे अनुभवाने कळल्यावर ते सांगायला ते कचरले नाहीत. संघाने त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. पुढे गांधीजींनी अशी भूमिका घेतली की संघ हा स्पृश्यांच्या प्रायश्चित्तासाठी आहे, त्यामुळे त्याचा कारभार स्पृश्यांच्याच हाती राहावा. बाबासाहेब बाहेर पडले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा करणाऱ्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या संघाचा लेखाजोखा मांडला. माणसाला मिंधे करून त्याची लढण्याची ताकद काढून घेणारी दया त्यांना नको होती. ज्याच्यासाठी संस्था आहे त्याला कारभारात जागा नाही, ती संस्था त्याची नव्हे, हा धडा त्यांनी घालून दिला.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला आणि १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक वकील, डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक याच शिष्यवृत्तीवर शिकला. आम्हीही त्यातलेच. १९१३ साली एका महाराजाच्या इच्छेवर अवलंबून असलेली गोष्ट अंदाजपत्रकातली रक्कम झाली. दानाचा हक्क कसा करायचा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मग सरकार करील म्हणून संस्था बंद करायच्या का? बाबासाहेबांनी नेमके उलटे केले. सत्तेत असतानाच त्यांनी सर्वांत मोठ्या संस्था काढल्या. १९४४ साली बॉम्बे शेड्यूल्ड कास्ट्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. कॉलेजचे दार सर्व जातींना उघडे होते आणि पहिले प्राचार्य संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर होते. ब्राह्मण्याशी आयुष्यभर लढणाऱ्या माणसाने आपल्या कॉलेजच्या प्राचार्यपदासाठी विद्वत्ता पाहिली, जात पाहिली नाही. संस्था आपल्या हाती ठेवायची म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांची भरती करायची असा अर्थ त्यांनी कधीच घेतला नाही.

१९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले. तेच मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या परिसराला बाबासाहेबांनी नागसेनवन नाव दिले. खेड्यापाड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या पोरांनी तेथून पुढे साहित्य घडवले, नामांतराचा लढा उभारला, कोर्टात आणि कचेऱ्यांत जागा मिळवल्या. १९५३ साली मुंबईत वाणिज्य महाविद्यालय, १९५६ साली विधी महाविद्यालय. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभेची नोंदणी. धम्माची दीक्षा देण्याच्या सतरा महिने आधी धम्माची संस्था कायदेशीर नोंदवून ठेवणारा हा महापुरुष! आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. बिर्लांच्या थैलीकडे न पाहता शेतमजुराच्या विसाव्या हिश्शावर त्यांचा भरवसा होता. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला मिळाले आहे. ज्यांच्या बापजाद्यांना चावडीवर बसता येत नव्हते, त्यांच्यासाठी त्या ओळीची किंमत काय आहे हे वेगळे सांगायला नको. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मागे राहिली पुस्तके, राज्यघटना, धम्म आणि संस्था.

पुस्तकांची पारायणे आपण करतो. संस्थांचे काय केले?

आम्ही बाहेरच्यांना दोष देण्याआधी आपल्या घराकडे पाहणार आहोत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आपल्याच नेत्यांचे गट कोर्टात गेले. बौद्ध महासभेच्या अध्यक्षपदाचा वादही कोर्टात गेला. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचे छापखान्याचे ठिकाण पाडले गेले. त्यामागे जागेवरच्या ताब्याचा वाद होता आणि तो वादही आपल्याच माणसांमधला होता. मोर्चे निघाले, समाज रस्त्यावर उतरला. पण वाद इतकी वर्षे कुजत पडला होता तेव्हा आपण कुठे होतो?

मोठ्या संस्था राहू द्या. आम्ही स्वतःच्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या गावी आपल्याच एका गुरुजींनी पगारातून पैसे टाकून मुलांचे वसतिगृह काढले होते. पन्नासेक मुले राहत. गुरुजी वारले. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचे यावर सभा झाली, पण चेंज रिपोर्ट कोणी दाखल केला नाही. पाचसहा वर्षांनी मुलगा एक कार्यकारिणी घेऊन आला, जुने सहकारी दुसरी घेऊन आले. दोघांची इतिवृत्ते एकाच तारखेची. धर्मादाय कार्यालयात तारखा पडू लागल्या, बँकेने खाते गोठवले, अनुदान थांबले. पुढच्या जूनमध्ये वसतिगृह उघडलेच नाही. आम्ही त्या प्रकरणात एका बाजूचे वकील होतो. आमची फी आम्हाला मिळाली, मुलांना मात्र खोली मिळाली नाही. बडोद्याच्या त्या रात्रीला शंभर वर्षे होत आली होती आणि या वेळी दार बंद करणारे आपणच होतो. ती फाइल आम्ही अजून कपाटात ठेवली आहे, ती पाहिली की मान खाली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांना काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचा कायदा १९५० पासून आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो द्या. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय संस्थेची जमीन विकता येत नाही. विहाराच्या जागेवर बिल्डरचा डोळा असेल तर हे कलम आपले शस्त्र आहे. हिशेब दरवर्षी तपासून घ्या आणि सभासदांसमोर वाचून दाखवा. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडा, अकरा रुपयांची असली तरी. संस्थेच्या घटनेत अध्यक्षपदाची मुदत लिहा आणि ती संपली की खुर्ची सोडा. आई-बहिणींना फक्त खीरदानाच्या रांगेत उभे करू नका, त्यांना खजिनदार करा. ज्या मुलांसाठी वसतिगृह आहे, त्यातून शिकून गेलेल्या दोघा-तिघांना कार्यकारिणीवर घ्या.

हे सगळे रुक्ष वाटेल. चेंज रिपोर्टवर कोणी शाहीर पोवाडा रचणार नाही. पण १९२४ साली परळच्या हॉलमध्ये बसून बाबासाहेबांनी नियमावलीचे एकेक कलम लिहून काढले नसते तर सोलापूरचे वसतिगृह उघडले नसते आणि पुढची रांगही लागली नसती. त्यांचा पुतळा उभारायला वर्गणी कमी पडत नाही. त्याच वर्गणीतून वस्तीतले एक बंद पडलेले वाचनालय उघडले, त्याची नोंदणी नीट केली, हिशेब चोख ठेवला, तर तेही अभिवादनच आहे.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याआधी आपल्या संस्थेची फाइल एकदा उघडा. शेवटचा चेंज रिपोर्ट कोणत्या साली मंजूर झाला ते पाहा. फाइल अपुरी असेल तर आपल्या गावातल्या भीमसैनिक वकिलाकडे जा. आपला समाज आता इतका शिकला आहे की प्रत्येक तालुक्यात असा एक तरी वकील सापडेल. फी त्याने घेऊ नये, अशी आमची त्यालाही विनंती आहे. आम्ही घेणे बंद केले आहे.

जयभीम!